हातातला माईक खाली ठेवा!

"हेडसेट लावून गाडी चालवतोस, विमान उडवतोयस का?" गाडीतून हॅम रेडिओवर बोलणाऱ्या आमच्या मित्रमंडळींचा हा ठरलेला विनोद. हसा लेको! पण रात्री अंबड रस्त्यावर पुढे उसाची ट्रॉली, तिला मागे दिवा नाही, आणि तुमचा एक हात माईकमध्ये अडकलेला... मग?

म्हणे हातातल्या माईकवरच आवाज चांगला जातो. साफ खोटं. बूम माईक ओठांच्या कडेला, दोन बोटांवर असतो. अंतर निम्मं झालं की आपला आवाज माईकपाशी साधारण ६ डेसिबलने वाढतो, इंजिनाची घरघर मात्र तेवढीच राहते. गेन कमी करा, झालं. बोलायचं बटण गिअरच्या दांड्यावर बसवा. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. (बंद करायला विसरलात तर घरच्या गप्पा अख्ख्या जालन्याला ऐकू जातील.)

दोन्ही कान झाकणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. एकाच कानाचा घ्या, हॉर्न ऐकू यायला हवा. आणि २०१९च्या दुरुस्तीपासून, हातात धरायचं संपर्काचं साधन चालवताना वापरणं कायद्याने धोकादायक ड्रायव्हिंगच आहे. तिथे हॅमचा परवाना दाखवून बघा!

आई, तू वाचत असशील तर: अंबड चौफुलीच्या गर्दीत मी बोलतच नाही.