डच येत नाही, मग शाळा कोणती?

नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईहून नेदरलँड्सला जाणाऱ्यांत आता आपलीही घरे आहेत. अशाच एका भगिनीने विचारले आहे : मुलगा पाच वर्षांचा, मुलगी साडेअकरा वर्षांची. डचचा एक शब्द दोघांना येत नाही. इंटरनॅशनल शाळेतच घालावे का?

धाकट्याची काळजी नको. तिथे चौथ्या वर्षी शाळेत जाता येते आणि पाचव्या वर्षापासून जावेच लागते. या वयाची मुले बहुधा थेट नेहमीच्या वर्गातच बसतात. काही महिने मूल गप्प राहील, अम्मी घाबरेल. पण कान काम करीत असतात. सहा वर्षांपुढच्या नवागतांसाठी मोठ्या शहरांत वेगळे भाषावर्ग असतात. तिथे साधारण वर्षभर डच पक्की करून मूल आपल्या वयाच्या वर्गात जाते. सरकारी अनुदानाच्या शाळांत फी नाही. वर्गणी मागतात, पण ती ऐच्छिक असते.

खरा प्रश्न मुलीचा आहे. तिथे प्राथमिक शाळा आठ इयत्तांची. बाराव्या वर्षाच्या सुमारास ती संपते आणि मूल पुढे कुठे जाणार याची शिफारस शाळा करते : चार वर्षांचा व्यवसायाकडे नेणारा व्हीएमबीओ, पाच वर्षांचा हावो, की विद्यापीठाकडे नेणारा सहा वर्षांचा व्हीडब्ल्यूओ. नेमक्या त्याच वेळी आपली मुलगी तिथे पोहोचणार! बारा ते अठरा वयाच्या नवागतांसाठी 'इंटरनॅशनाले स्खाकेलक्लास' असतो. नावावरून तो इंग्रजी शाळेसारखा वाटतो, पण तिथला मुख्य विषय डचच. एक-दोन वर्षे, क्वचित अधिक काळ तिथे काढून मुले पुढच्या शाळेत जातात. धोका इथेच आहे. गणितात हुशार मुलगी केवळ भाषेपायी खालच्या प्रवाहात जाऊ शकते. म्हणून पहिल्याच भेटीत जुन्या गुणपत्रिका इंग्रजी भाषांतरासह दाखवा. गणित कोणत्या पातळीचे शिकवणार, इथून हावो किंवा व्हीडब्ल्यूओला मुली जातात का, निर्णय कोण घेते, हे स्पष्ट विचारा. संकोच नको, तिथे पालकांनी विचारणे उद्धटपणा मानत नाहीत.

इंटरनॅशनल शाळा वाईट नाहीत. दोन-तीन वर्षांत परतायचे असेल तर मोठ्या मुलीसाठी तोच मार्ग सोयीचा. पण अनुदानित असली तरी फी वर्षाला काही हजार युरो, आणि प्रवेशाला पालकाची नोकरी ठराविक मुदतीची असावी अशी अट. कायमचे राहायचे असेल तर डच टाळणे म्हणजे त्रास पुढे ढकलणे.

इस्लामी शाळेचे काय, असेही बरेच जण विचारतात. 1988 पासून अशा प्राथमिक शाळा आहेत आणि त्यांनाही सरकारी अनुदान मिळते. शिकवण्याची भाषा मात्र तिथेही डच. तेव्हा ती निवड दीनी तरबियतीसाठी करा. भाषेचा प्रश्न त्याने सुटत नाही.

आणि घरात मोडकी डच सुरू करू नका. दखनी, उर्दू, मराठी, जे बोलता तेच बोला. उर्दू शाळेतून मराठी माध्यमात आलेली मुले आम्ही दरवर्षी पाहतो. ज्याला उर्दू नीट वाचता येते, त्याला मराठी लवकर येते. ज्याचे दोन्हीकडे अर्धवट, तो वर्षानुवर्षे चाचपडतो. भागाकार एकदा कळला की नव्या भाषेत फक्त शब्द शिकायचा उरतो. नेदरलँड्समध्ये स्थलांतरितांच्या मातृभाषा सरकारी खर्चाने शिकवणे 2004 मध्ये बंद झाले, म्हणजे ते काम आता अम्मी-अब्बूंचेच. सामानात दोन कुकर कमी न्या, पण उर्दू-मराठीची गोष्टीची पुस्तके न्या.

शेवटचे, घर भाड्याने घेण्यापूर्वीचे. लहान गावांत नवागतांचा वेगळा वर्ग नसतो. नेहमीच्या वर्गातच थोडी जादा शिकवणी मिळते, किंवा मुलांना दूरच्या गावी जावे लागते. पाच वर्षांच्या मुलाला ते चालेल. मुलीसाठी मात्र आधी स्खाकेलक्लास कुठे आहे आणि जागा आहे का ते विचारा, मग घराची बोलणी करा.