पदवी आहे, विवेक कोठे?

मे २०१४मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेच्या निमित्ताने इराकला गेले आणि ‘इस्लामिक स्टेट’ला जाऊन मिळाले. त्यांत अभियांत्रिकीचे विद्यार्थीही होते. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या मनोऱ्यावर विमान आदळविणारा मोहम्मद अता कैरोत वास्तुकला आणि हॅम्बुर्गमध्ये नगररचना शिकला होता. दारिद्र्य आणि निरक्षरता यांतूनच दहशतवाद जन्मतो, हा लाडका सिद्धांत येथे कोलमडतो.

मग शिक्षण निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही, ते अपुरे आहे. जेथे प्रत्येक प्रश्नाला एकच अचूक उत्तर असते आणि इतिहास-साहित्याशी असलेला संबंध दहावीनंतर तुटतो, तेथे बुद्धी तल्लख होते. परंतु आपल्याला कोणी भुलवीत आहे, हे ओळखण्याची सवय लागत नाही. मग पडद्याआडचा अनोळखी प्रचारकच गुरू होऊन बसतो.

प्रतिपक्षाचे म्हणणे आधी प्रामाणिकपणे मांडून मगच त्याचे खंडन करणे, ही ‘पूर्वपक्षा’ची परंपरा याच भूमीची. ती वर्गात परतली पाहिजे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला आणि विज्ञान यांतील भिंत हटविण्याचे ठरविले. मात्र कागदावरची भिंत पाडून भागणार नाही. कल्याणच्या कुटुंबांनी स्वतःच पोलिसांकडे धाव घेतली, पण तेव्हा मुले दूर गेली होती. विद्यार्थी कोणत्याही घरातला असो, तो अबोल होऊ लागल्याचे पोलिसांच्या आधी त्याच्या शिक्षकाला कळले पाहिजे. राष्ट्ररक्षणाची पहिली चौकी सीमेवर नव्हे, वर्गात आहे.