परतलेला डॉक्टर

जपानने चीनवर आक्रमण केलें तेव्हां, १९३८ सालीं, मुंबईहून पांच भारतीय डॉक्टर तिकडे गेले. त्यांपैकीं परळच्या वैद्यक महाविद्यालयांत शिकलेले तरुण कोटणीस १९४२ सालीं तिकडेच निवर्तले. परळच्याच राजकमलनें १९४६ सालीं त्यांस पडद्यावर अमर केलें. तें योग्यच झालें. परंतु पथकांतील सर्वांत वडील, नागपूरचे डॉ. चोळकर, किती जणांस आठवतात? ते परत आले, एवढाच त्यांचा अपराध! युद्धकाळांतील प्रचारास लोकांचा धीर टिकविण्यासाठीं हुतात्मा लागतो. परतलेला वृद्ध त्याच्या कामाचा नसतो. परंतु देहाची मर्यादा ओळखून उतारवयांत रणभूमीकडे निघणें, हा निश्चय का उणा? मरण हीच त्यागाची एकमेव पावती मानणाऱ्या समाजानें जिवंत सेवकांची अपेक्षा करूं नये, असें आम्हांस स्पष्ट वाटतें.