बालकाची गती आणि शाळेची शिस्त

तीन वर्षांच्या अपत्यास पाटी-पुस्तकाच्या शिस्तीत बसवावे, की त्याच्या जिज्ञासेस मोकळीक द्यावी, असा प्रश्न वाशीम, कारंजा वा रिसोड येथील पालकांपुढे उभा राहतो, तेव्हा बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी आरंभिलेल्या कार्याचे स्मरण अगत्याचे ठरते. माँटेसोरी-शिक्षणपद्धतीच्या तत्त्वांना महागड्या साहित्याच्या बंधनातून सोडवून त्यांनी परिसरातील साध्या वस्तूंनाच शिक्षणसाधने केले. आपल्या वाशीम जिल्ह्यात सोयाबीन-तुरीचे दाणे तीच कामगिरी बजावतील. बालकेंद्री शिक्षण ही धनिकांची मिरास नव्हे. सहाव्या वर्षापर्यंत अक्षरांची सक्ती नसावी. तदनंतर पाढे व पाठांतर यांना अवश्य स्थान द्यावे. शाळा निवडताना पालकांनी शुल्क वा गणवेश पाहून फैसला करू नये. मूल तेथे निर्भयपणे प्रश्न विचारते काय, हे प्रथम पाहावे.