आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी : तिवरांच्या भरपाईचा हिशेब



मागच्या आठवड्यात तिवरांवर दोन ओळी टाकल्या, तर पारावर एकानं अडवलंच. "समुद्रातल्या झाडायवर काहून लिहून राह्यला बाप्पा? वाशिमात समुद्र हाय का?"

नाही. समुद्र नाही, खाडी नाही, तिवराचं एक पान नाही. तरी आज सविस्तर लिहितो, कारण तिवरांच्या नावानं जो हिशेब चालतो तो माझ्या धुऱ्यावर येऊन गेलेला आहे.

आधी माझं सांगतो. माझ्या वावराला लागून नाला आहे. काठावर करंज, शिंदी, निरगुडी अशी जुनी गर्दी होती. एका वर्षी नाला खोलीकरण अन् सरळीकरणाचं काम आलं. मशीननं दोन दिवसांत काठ साफ केला. मी म्हटलं, बाबा, ही झाडं काठ धरून होती. उत्तर मिळालं, "काळजी करू नका भाऊ, जेवढी काढली त्याच्या दुप्पट लावू." लावलीही. कुठं? गावाच्या दुसऱ्या टोकाला, टेकडीवर, ई-क्लास जमिनीत. फोटो निघाले. पुढच्या पावसाळ्यात एका रात्रीत नाल्याचं पाणी वावरात शिरलं अन् अर्धा एकर सोयाबीन मातीसकट खरडून गेलं. टेकडीवरच्या रोपांनी त्या रात्री काय करायचं होतं सांगा?

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. किनाऱ्यावर हेच चाललंय, फक्त आकडे मोठे आहेत.

तिवर म्हणजे काय ते आपल्या लोकांसाठी थोडक्यात. भरती-ओहोटीच्या चिखलात वाढणारी ही झाडं. सगळ्यांना मिळून कांदळवन म्हणतात. खारं पाणी काय करतं हे आपल्या भागात सांगायला नको. रिसोडच्या पलीकडं लोणार आहे, अकोल्याकडं खारपाणपट्टा आहे. अशा खाऱ्यात तिवर जगतं, जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. चिखलात हवा नसते म्हणून श्वास घ्यायला मुळं वर काढतं. त्या मुळांच्या जाळ्यात गाळ अडतो, मासळीची पिल्लं वाढतात, अन् लाटेचा जोर मोडतो. शंभर मीटर रुंदीच्या कांदळवनातून जाताना लाटेची उंची 13 ते 66 टक्क्यांपर्यंत कमी होते असं मोजमाप आहे. ओडिशात 1999 च्या महाचक्रीवादळात केंद्रापाडा जिल्ह्यातल्या ज्या गावांपुढं कांदळवनाचा पट्टा रुंद होता, तिथं माणसं कमी मेली. हा नुसता अंदाज नाही, गावनिहाय अभ्यास झालेला आहे.

म्हणजे तिवर हा समुद्राचा धुरा आहे. अन् धुरा जिथं आहे तिथंच कामाचा असतो. माझा धुरा फोडून मामाच्या गावात बांध घातला, तर माझ्या वावरातलं पाणी थांबत नाही.

आता कायदा बघा. मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर 2018 मध्ये स्पष्ट सांगितलं की कांदळवनं तोडणं हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे. राज्यभर तोडीला बंदी, अन् भोवती 50 मीटरचा मोकळा पट्टा. एकच दार ठेवलं, सार्वजनिक हिताचं काम असेल तर न्यायालयाची परवानगी घ्यायची. तेव्हापासून मोठमोठे प्रकल्प त्याच दारापुढं रांगेत उभे राहतात. डिसेंबर 2022 मध्ये बुलेट ट्रेनसाठी सुमारे 22 हजार तिवरं तोडायची परवानगी मिळाली. आधीचा आकडा 53 हजारांच्या वर होता, तो कमी केला, ही चांगलीच गोष्ट. पण प्रत्येक वेळी सोबत एक वाक्य असतं, "बदल्यात इतक्या पट लावू."

माझं भांडण त्या "पट"शी आहे.

पहिली गोष्ट, लावलं म्हणजे जगलं असं नाही. आपण पेरणारी माणसं आहोत, उगवण अन् उभं पीक यातला फरक आपल्याला कोणी शिकवायला नको. श्रीलंकेत 2004 च्या त्सुनामीनंतर गाजावाजा करून कांदळवनं लावली. नंतर 23 ठिकाणं तपासली, तर त्यातल्या 9 ठिकाणी एकही रोप जिवंत नव्हतं. कारण साधं आहे. भरतीचं पाणी किती वेळ उभं राहतं, जमिनीची उंची काय, कोणती जात कुठं येते, हे न बघता लावलं. वाफसा नसताना पेरलं तर काय होतं?

दुसरी गोष्ट, जागा. वनजमीन दुसऱ्या कामाला गेली की बदल्यात वनीकरण करावं लागतं. जवळ जमीन मिळाली नाही तर ती राज्यात दुसरीकडं दाखवता येते. किनाऱ्यावर जमिनीचा भाव काय अन् आपल्याकडं काय, हे तुम्हाला माहीत आहे. मग "दुसरीकडं" म्हणजे शेवटी कुठं? विदर्भ-मराठवाड्यातल्या पडीक टेकड्या. ज्यावर आज भूमिहीनाच्या चार शेळ्या चरतात, तिथं उद्या तारेचं कुंपण अन् मुंबईच्या खाडीच्या नावाची पाटी. झाडं लागली तर मला आनंदच आहे. आमच्या टेकड्या उघड्या पडल्यात, झाडं लावा, शंभर वेळा लावा. पण ती आमच्या माळरानाची गरज म्हणून लावा. श्रीवर्धनच्या लाटेची भरपाई म्हणून मानोऱ्यातला कडुनिंब कागदावर दाखवू नका. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ धडकलं, तेव्हा नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. त्या बागायतदाराला आमचा कडुनिंब काय कामाचा?

तिसरी गोष्ट, सरासरी. कोणी म्हणेल, उपग्रहाच्या मोजणीत राज्यातलं कांदळवन वाढलेलं दिसतं, 300 चौरस किलोमीटरच्या वर आहे, मग ओरड कशाला? राजेहो, ही गोष्ट शेतकऱ्याला सांगताय? पीक विम्यात महसूल मंडळाच्या आकड्यानं आपली काय गत होते ते विसरलात? मंडळाचं उत्पादन बरं निघतं अन् माझं शेत पाण्यात असतं. एका खाडीत गाळ साचून तिवर वाढलं म्हणून दुसऱ्या खाडीकाठच्या वस्तीचं पाणी कमी होत नाही. वाढ झाली तर ती मोजा, पण तिच्या आड तोड लपवू नका.

आता दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर कोकणातला शेतकरी भाऊ म्हणेल, याला काय कळतं. पेण-अलिबागकडं खारबंदिस्ती घालून पिढ्यान्‌पिढ्या भात पिकवला. ती बंदिस्ती फुटली, वेळेवर दुरुस्त झाली नाही, की भरतीचं पाणी भातशेतीत शिरतं. पाणी शिरलं की तिवर उगवतं. तिवर उगवलं की तिथं कायदा लागू होतो, अन् स्वतःच्या सातबाऱ्यावरच्या जमिनीत तो शेतकरी कोयता चालवू शकत नाही. त्याचा राग खरा आहे, मी त्याच्या बाजूनं आहे. पण दोष तिवराचा नाही, बांध फुटका ठेवणाऱ्यांचा आहे. खारभूमी विकासाचा कायदा 1979 पासून आहे. बांध वेळेत बांधून द्या, बांधाच्या आत भात अन् बाहेर तिवर, दोघंही जगतील. उलट ते बाहेरचं तिवरच बांधावरची लाट मोडतं. लहान शेतकऱ्यानं फांदी तोडली की गुन्हा अन् मोठ्या प्रकल्पाला हजारोंची परवानगी, हा न्याय कोकणातल्यालाही पटणार नाही अन् वाशिमातल्यालाही नाही.

अन् समुद्र आपल्याला इतका लांबही नाही. मध्य भारतात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 या काळात तिपटीनं वाढल्या, असा शास्त्रज्ञांचा 2017 सालचा अभ्यास आहे. ती वाफ मोठ्या प्रमाणात अरबी समुद्रातून येते. तोच तापता समुद्र तिकडं किनाऱ्यावर वादळं पाठवतो अन् इकडं काढणीला आलेल्या सोयाबीनवर पाऊस. तिवरांच्या खालचा चिखल कर्ब शेकडो वर्षं दाबून ठेवतो. तो उकरला की तो कर्ब परत हवेत जातो, अन् हवेला जिल्ह्याची हद्द नसते.

माझं म्हणणं एवढंच आहे. तिवर तोडायचंच असेल तर त्या खाडीकाठच्या माणसाला समोर बसवून सांगा की तुझा धुरा फोडतोय, अन् त्याच खाडीत त्याच्या रक्षणाचं काय करणार ते आधी करून दाखवा. जगलेली रोपं पाच वर्षांनी मोजा, तोवर भरपाई झाली म्हणू नका. अन् आमच्या ग्रामसभांनी, "तुमच्या गावात वनीकरण आलंय" असं कोणी सांगितलं, तर आधी एक प्रश्न विचारावा : हे कशाच्या बदल्यात आहे? उत्तर लेखी घ्यावं, मगच ठराव करावा.

कृषी सहायक अन् वनखात्यातले मित्र हे पान वाचतात. माझं कुठं चुकत असेल तर खाली लिहा, दुरुस्त करीन. पण "दुप्पट लावू" एवढंच लिहू नका. त्या दुप्पटीचा अर्धा एकर मी भोगलेला आहे.

तुमच्या नाल्याच्या काठावर काही उरलं असेल तर त्याचा फोटो टाका. बघू तरी, अजून किती धुरे शाबूत आहेत.