सणांचा उत्तररंग

पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन हमरस्ते जेथे एकमेकांस छेदतात, त्या आळेफाट्यावरील दुकाने पाहिली की घरी पंचांग उघडण्याची गरज उरत नाही. २५ डिसेंबरच्या सायंकाळपर्यंत ज्या दोरीला कागदी चांदण्या, लाल टोप्या आणि चकाकत्या माळा लटकलेल्या असतात, त्याच दोरीवर दोन दिवसांत पतंग डोलू लागतात. ज्या काचेच्या कपाटात केक मांडलेले असतात, तेथे तिळाच्या वड्या आणि हलव्याचे दागिने येतात. संक्रांत सरते न सरते तोच तिरंगी बिल्ले पुढे सरकतात, त्यांच्यामागून भगव्या पताका येतात, आणि पताकांच्या आड पिचकाऱ्यांची खोकी वाट पाहतच असतात. हे चित्र केवळ आळ्याचे नाही. नारायणगाव, मंचर, जुन्नर, किंबहुना महाराष्ट्रातील कोणत्याही बाजारपेठेचे ते आहे. पुण्या-मुंबईच्या झगमगाटात ते लक्षात येत नाही. फाट्यावर, जेथे दहा पावलांत अवघा बाजार नजरेत मावतो, तेथे मात्र ते डोळ्यांत भरते.

दुकानाने ऋतुमानाप्रमाणे माल बदलावा, यात गैर असे काहीच नाही. श्रावणात राख्या आणि आश्विनात पणत्या मांडल्या नाहीत, तर त्याला दुकान म्हणायचे कशाला? प्रश्न माल बदलण्याचा नसून वेगाचा आहे. सण येण्यापूर्वी महिनाभर त्याचा गाजावाजा करायचा आणि सण उजाडला, की दुसऱ्याच दिवशी त्याची खूणही उरू द्यायची नाही, ही नवी रीत आहे. नारदीय कीर्तनाचे दोन भाग असतात. पूर्वरंगात बुवा निरूपण करतात आणि उत्तररंगात आख्यान लावून तोच विचार श्रोत्यांच्या मनात मुरवतात. पूर्वरंग आटोपताच बुवांनी पेटी-तबला आवरून पुढच्या गावची वाट धरली, तर श्रोत्यांनी काय समजावे? आजच्या बाजाराने आपल्या सणांचे नेमके हेच केले आहे. त्याने पूर्वरंग लांबवला आणि उत्तररंग कापून टाकला.

वास्तविक आपल्या परंपरेने जवळजवळ प्रत्येक मोठ्या सणाला उत्तररंग ठेवलेला होता. दिवाळी भाऊबीजेला संपत नसे. आकाशकंदील उतरत तो तुळशीची लग्ने लागून त्रिपुरी पौर्णिमा झाल्यावर. २०२५ साली भाऊबीज २३ ऑक्टोबरला होती आणि त्रिपुरी पौर्णिमा ५ नोव्हेंबरला; म्हणजे उत्तररंगाचे तेरा दिवस होते. होळी धुळवडीवर न थांबता रंगपंचमीपर्यंत चाले. चैत्रगौरीचे हळदीकुंकू अक्षय्य तृतीयेपर्यंत केव्हाही करता येई. संक्रांतीची गोष्ट तर विशेष बोलकी आहे. तिचे हळदीकुंकू आणि लहान मुलांचे बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत चालते. ही मुदत दरवर्षी सारखी नसते. २०२४ साली संक्रांत १५ जानेवारीला आणि रथसप्तमी १६ फेब्रुवारीला होती. २०२६ साली हेच अंतर १४ ते २५ जानेवारी इतकेच होते. ही सवड कोणी उगाच ठेवली नव्हती. ज्या घरात आजारपण आहे, जेथे सुगीची घाई आहे, जेथे लेक-सून दूरच्या गावी नोकरीला आहे, त्या घरालाही सण करता यावा, एवढा समंजसपणा तिच्यात होता. आज मात्र संक्रांतीनंतर आठवड्याने एखादी आई नातवंडासाठी किंवा लेकरासाठी हलव्याचे दागिने विचारू लागली, तर “आता पुढच्या वर्षी” असे उत्तर तिला मिळण्याचा संभव अधिक. पंचांगाने दिलेली मुदत दुकानाने परस्पर कमी केली आहे.

नाताळाविषयीही हेच म्हणता येईल. हा शब्द मराठीत आला तो पोर्तुगिजांकडून. वसई आणि गोव्याशी त्याचे नाते शतकांचे आहे. ख्रिस्ती परंपरेत नाताळ हा एका दिवसाचा सण नाही. त्यापूर्वी आगमनकाळाचे चार रविवार असतात आणि २५ डिसेंबरपासून ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत त्याचा आनंद चालतो. गोव्यात रेईश मागूश, चांदर आणि कासावली येथे हा तीन राजांचा सण आजही उत्साहाने साजरा होतो. म्हणजे दुकानदार ज्या दिवशी चांदण्या खोक्यात भरतो, त्या दिवशी ख्रिस्ती घरातील नाताळ नुकता कोठे सुरू झालेला असतो. आळ्याहून पूर्वेकडे जाणारा रस्ता ज्या अहिल्यानगर जिल्ह्यात पोचतो, तेथे मराठी ख्रिस्ती समाज कित्येक पिढ्यांपासून नांदतो आहे. त्याच्या सणातील लाल टोपी तेवढी बाजाराने घेतली आणि सण बाहेर ठेवला. एका समाजाच्या सणाला दुसऱ्या समाजाने आपलेसे करावे, ही आनंदाची गोष्ट. पण केवळ त्याचे सामान विकून ते साधत नाही.

याबद्दल दुकानदाराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. फाट्यावरील छोटा दुकानदार माल आणतो तो बहुधा पुण्यातील घाऊक पेठांतून, आणि त्यातला बराचसा उधारीवर. गाळ्याचे भाडे महिन्याला द्यावे लागते. भिंत तेवढीच असते, फळ्या तेवढ्याच असतात. २४ डिसेंबरला ज्या चांदणीला पूर्ण भाव येतो, तिला २६ तारखेला निम्म्या भावातही गिऱ्हाईक मिळत नाही. ती वर्षभर ठेवावी, तर रंग उडतो आणि भांडवल अडकते. तेव्हा जुना माल आवरणे आणि नवा मांडणे ही त्याची हौस नसून गरज आहे. घाऊक व्यापारी उरलेला माल परत घेत नाही, म्हणून किरकोळ दुकानदार घाई करतो. आणि दुकानदार घाई करतो, म्हणून गिऱ्हाईकही घाई करते. या साखळीत प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो.

कोणी असे म्हणेल, की यात नवे ते काय? जत्रेतील पाले दुसऱ्या दिवशी उठतच असत. खेळणीवाला आणि रेवडीवाला एका यात्रेहून दुसऱ्या यात्रेला जातच असे. हे खरे आहे. परंतु त्यात एक महत्त्वाचा फरक होता. त्या काळी दुकान गावोगाव फिरे आणि गाव आपल्या जागी, आपल्या गतीने चाले. पाले उठली तरी यात्रेला आलेल्या लेकी चार दिवस माहेरी राहत. आज दुकान जागच्या जागी उभे असते आणि गावालाच एका सणातून दुसऱ्या सणात पळावे लागते.

व्यापाराने कालगणनेवर हात टाकण्याचा हा प्रकार केवळ आपल्याच देशात घडतो असे नाही. अमेरिकेत आभारप्रदर्शनाचा सण नोव्हेंबरच्या अखेरच्या गुरुवारी पाळण्याची चाल होती आणि नाताळची खरेदी त्यानंतर सुरू होई. १९३९ साली नोव्हेंबरात पाच गुरुवार आले. खरेदीचा हंगाम आखूड होणार, अशी तक्रार व्यापाऱ्यांनी केल्यावरून अध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट यांनी तो सण आठवडाभर अलीकडे आणला. त्यावर एवढा गदारोळ माजला, की काही राज्यांनी जुना दिवस पाळला आणि काहींनी नवा. अखेर १९४१ साली तेथील काँग्रेसला कायदा करून चौथा गुरुवार निश्चित करावा लागला. आपल्याकडे अशा कोणत्याही आदेशाची गरज भासली नाही. कोणी हुकूम काढला नाही, कोणी तक्रारही केली नाही. तिथी जागच्या जागीच राहिल्या आणि त्यांच्यातील सवड तेवढी नाहीशी झाली.

जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात या वेगाचा खरा अर्थ कळतो तो शेतकऱ्याच्या घरी. आळेफाट्याच्या उपबाजारात कांदा येतो आणि त्याच्या भावावर पंचक्रोशीतील संसार चालतात. उन्हाळी कांद्याची लागवड नाताळ-संक्रांतीच्या सुमारास होते. तो काढायचा चैत्र-वैशाखात, सुकवायचा, चाळीत साठवायचा आणि भावाची वाट पाहत दिवाळीपर्यंत थोडाथोडा विकायचा. ज्या पिकाला वाट पाहिल्याशिवाय पैसा येत नाही, त्याच्या जिवावर जगणाऱ्या माणसाला वाट न पाहणाऱ्या बाजाराशी जमवून घ्यावे लागते. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली आणि भाव कोसळले. ती बंदी उठली ४ मे २०२४ रोजी. त्या पाच महिन्यांत बाजाराच्या फळ्यांवर नाताळ, संक्रांत, प्रजासत्ताक दिन, शिवजयंती, होळी आणि गुढीपाडवा असे सारे येऊन गेले. दुकानातील हंगाम सहा वेळा बदलला. शेतकऱ्याच्या घरातील एकदाही बदलला नाही.

पगारदाराची स्थिती याहून बरी, पण निश्चिंत नव्हे. सरकारी कर्मचाऱ्याला वर्षातून एका सणासाठी अग्रिम घेता येतो आणि तो दहा हप्त्यांत पगारातून कापला जातो. म्हणजे दिवाळीच्या खरेदीचा शेवटचा हप्ता फिटेतो पुढचा श्रावण दाराशी येतो आणि राख्यांचे तोरण पुन्हा फाट्यावर लटकलेले असते. एका सणाचे ऋण फेडीत असताना दुकान आणखी सात-आठ सण उरकून मोकळे झालेले असते. घरातील मुलांना हप्त्यांचे गणित कळत नाही. त्यांना काचेमागची मांडणी तेवढी दिसते.

येथे शिक्षकवर्गाने थोडे आत्मपरीक्षण केले पाहिजे, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात अनेक शाळांत मुलांना नाताळच्या बाबाचा पोशाख, संक्रांतीला काळे कपडे, प्रजासत्ताक दिनाला पांढरे, शिवजयंतीला मावळ्याचा वेष आणि या साऱ्यांखेरीज स्नेहसंमेलनाची वेशभूषा आणावयास सांगितली जाते. हेतू चांगलाच असतो. पण शिवनेरीच्या पायथ्याशी वाढणाऱ्या मुलाला शिवराय कळावयाचे ते भाड्याच्या जिरेटोपातून, की गडाच्या पायऱ्या चढून? ज्या मुलाच्या बापाचा कांदा चाळीत सडतो आहे, त्याने दोन महिन्यांत पाच पोशाख कोठून आणावेत? न आणल्यास त्या दिवशी ते मूल मागच्या रांगेत उभे राहते किंवा घरीच राहते. आणि ज्या सणाने त्याला जवळ घ्यावयाचे, तोच सण त्याला दूर लोटतो. शाळा नकळत दुकानाच्या साखळीतील एक कडी बनली आहे. ती कडी सोडवणे शाळेच्याच हाती आहे.

आणखी एका माणसाची आठवण ठेवली पाहिजे. सणाच्या रात्री उशिरापर्यंत विक्री करून, शटर ओढल्यावर जुन्या माळा उतरवणारा आणि पहाटेपूर्वी नव्या टांगणारा दुकानातील नोकर कोणाच्याच हिशेबात नसतो. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने महाराष्ट्रातील दुकानांना वर्षभर उघडे राहण्याची मोकळीक दिली आणि कामगाराला साप्ताहिक सुटी देण्याचे बंधनही घातले. परंतु अगदी लहान दुकानांना त्या कायद्याचा बराचसा भाग लागूच होत नाही. सर्वांचे सण सजवणाऱ्या या मुलाला स्वतःचा सण केव्हा मिळतो, हे एकदा त्यालाच विचारावे.

उपाय काय, असा प्रश्न कोणी विचारील. कायद्याने सण लांबवता येत नाहीत आणि तसे करूही नये. मात्र काही गोष्टी सहज साधण्याजोग्या आहेत. व्यापारी संघटनांनी उरलेल्या सणासुदीच्या मालापैकी काही भाग परत घेण्याची रीत पाडावी. त्यामुळे लहान दुकानदाराच्या मानेवरील सुरी थोडी दूर होईल. एखादी फळी मागच्या सणासाठी राखून ठेवणारा दुकानदार तोट्यात जाईल, असे मानण्याचे कारण नाही; उशिरा येणारे गिऱ्हाईक हेही गिऱ्हाईकच असते. शाळांनी वर्षातून एकच वेशभूषा ठेवावी आणि बाकीचे दिवस गोष्टी, गाणी व सहलींनी साजरे करावेत. आणि गृहस्थाने, विशेषतः शिकलेल्या गृहस्थाने, दुकान पुढे गेले म्हणून आपणही पुढे गेलेच पाहिजे, हा समज सोडून द्यावा. कंदील त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि तिळगूळ रथसप्तमीला दिला तरी तो तितकाच गोड लागतो.

आळे हे गाव मराठी मनाला ठाऊक आहे ते फाट्यामुळे नव्हे, तर एका समाधीमुळे. पैठणला ज्याच्या मुखातून ज्ञानेश्वरांनी वेद वदवले, तो रेडा पुढे त्या भावंडांबरोबर चालत आला आणि आळंदीच्या वाटेवर आळे येथे त्याने देह ठेवला, अशी परंपरा सांगते. त्याचे काम पैठणलाच संपले होते. व्यवहाराच्या हिशेबाने पाहिले, तर त्या मुक्या जनावराला मागे टाकून पुढे निघून जाता आले असते. पण ती भावंडे थांबली, त्याला समाधी दिली आणि मगच त्यांनी आळंदीची वाट धरली. ज्याच्याकडून काम झाले, त्याच्यापाशी दोन घटका थांबावे, एवढाच त्या कथेचा अर्थ घेतला तरी पुष्कळ झाले. गावाच्या एका अंगाला ही समाधी आहे आणि दुसऱ्या अंगाला घाईत असलेला बाजार. सण आला, की गाव त्यांपैकी कोणाकडे पाहून चालते, यावर तो सण गावाचा उरतो की दुकानाचा होतो, हे ठरणार आहे.