पोरखेळ की म्हातारचळ?

खेळणाऱ्या मोठ्या माणसासाठी मराठीत दोन शब्द अगदी तयार आहेत. माणूस तरुण असेल तर ‘पोरखेळ’ आणि सत्तरी ओलांडलेला असेल तर ‘म्हातारचळ’. मधल्या वयात बहुधा खेळायला सवडच नसते, म्हणून त्या वयासाठी वेगळा शब्द करायची गरज पडली नसावी! माझं वय ७४, तेव्हा माझ्या वाट्याला दुसरा शब्द येणार हे ओघानंच आलं.

निमित्त आहे लेगोच्या आगगाडीचं. नातवासाठी आणलेल्या विटा आणि रूळ तो शिकायला बाहेरगावी गेल्यावर माळ्यावर गेले, आणि माळ्यावरून माझ्याकडे आले. गेली काही वर्षं मी हॉलमध्ये सतरंजीवर रूळ मांडतो, स्टेशन बांधतो, गाडी चालवतो आणि मोडून पुन्हा खोक्यात भरतो. आता आमची सोसायटी पुनर्विकासाला चालली आहे. तीन वर्षं भाड्याच्या, बऱ्याच लहान घरात राहायचं आहे. घरात ‘न्यायचं’ आणि ‘देऊन टाकायचं’ अशा दोन याद्या तयार झाल्या आहेत, आणि माझे अकरा खोके दुसऱ्या यादीत आहेत. यादी करणाऱ्यांवर माझा राग नाही (सूनबाई, तुम्ही हे वाचणार हे मला ठाऊक आहे!). पण माझं म्हणणं एकदा नीट मांडावं, म्हणून हा खटाटोप.

आधी थोडी माहिती, कारण आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांना लेगो म्हणजे फक्त रंगीत ठोकळे वाटतात. डेन्मार्कमधल्या बिलुंड या गावची ही कंपनी. आज आपण पाहतो त्या विटेचं पेटंट १९५८ सालचं. त्या वर्षीची वीट आजच्या विटेत घट्ट बसते. पहिली विजेवर चालणारी गाडी आली १९६६ मध्ये, निळ्या रुळांवर धावणारी. म्हणजे या आगगाडीला साठ वर्षं होत आली. तिच्याशी लहानपणी खेळलेली युरोपातली मुलं आज माझ्या वयाच्या आसपास आहेत, आणि त्यांच्यातले बरेच जण अजून खेळतात. तिकडे मोठ्या माणसांचे यासाठी क्लब आहेत. ते सभागृहं भाड्यानं घेतात, प्रत्येक जण आपापला तुकडा घेऊन येतो, आणि दोन दिवसांसाठी एक अख्खं शहर उभं राहतं.

आता मुद्द्याकडे येतो. हा पोरखेळ नाही असं मी म्हणतो, कारण यातला मोठा भाग खेळण्याचा नाहीच, आखणीचा आहे.

लेगोच्या विटेवर जे गोल उंचवटे असतात त्यांना स्टड म्हणतात. दोन स्टडमधलं अंतर ८ मिलिमीटर. सरळ रूळ १६ स्टडचा, म्हणजे १२.८ सेंटिमीटर. वळणाचा रूळ साडेबावीस अंशांचा, म्हणजे १६ तुकड्यांत पूर्ण वर्तुळ. या वर्तुळाची बाहेरून रुंदी ८८ स्टड, म्हणजे सुमारे ७० सेंटिमीटर. आणि महत्त्वाचं म्हणजे रूळ कापायचा नाही. लाकडी फळीवर मॉडेल रेल्वे मांडणारे लोक लवचिक रूळ हवा तसा वळवतात, कापतात, ठोकतात. इथं ती मुभा नाही. हातात आहेत त्याच तुकड्यांत गणित जमवायचं. छंदात गुंतलेला प्रौढ माणूस हे स्वतःहून पत्करतो, कारण मजा त्या अडचणीतच आहे. वृत्तात लिहिणाऱ्याला मात्रांचं ओझं वाटत नाही, तसंच हे.

एक उदाहरण देतो. वरून एक गाडी आणि खालून दुसरी गाडी जाणारा पूल करावा असं माझ्या मनात आलं. खालून गाडी सुखरूप जायची तर पूल निदान १२ विटा उंच हवा. चढ किती द्यायचा? लेगोत विटेच्या एक तृतीयांश उंचीची पट्टी असते, ३.२ मिलिमीटरची. प्रत्येक रुळाला एक पट्टी चढवली, तर १२८ मिलिमीटरला ३.२ मिलिमीटर, म्हणजे ४० ला १. आता गंमत बघा, आपल्या बोरघाटातला चढ आहे ३७ ला १! कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात, ती या चढासाठी. म्हणजे माझी सतरंजीवरची गाडी बोरघाटापेक्षा किंचित सौम्य चढ चढणार. पण १२ विटा म्हणजे ३६ पट्ट्या, ३६ पट्ट्यांना ३६ रूळ, आणि ३६ रूळ म्हणजे साडेचार मीटरहून जास्त. तेवढाच उतार. आमचा हॉल १२ फुटांचा, म्हणजे साडेतीन मीटरच्या थोडा पुढे. पूल कागदावरच राहिला.

पण त्या संध्याकाळी मला घाटातल्या रेल्वेबद्दल जे उमगलं ते आयुष्यभर पुणे-मुंबई करून उमगलं नव्हतं. सह्याद्रीत गाडी चढवायची म्हणजे उंचीपेक्षा लांबीचा प्रश्न असतो. १८६३ मध्ये बोरघाट खुला करणाऱ्यांना खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटी करून पुढे न्यावी लागत असे, ती जागा पुरत नाही म्हणूनच. वर्गात मी हे मुलांना नकाशावर शिकवलं असतं, तर पुढच्या तासाला विसरली असती. रूळ मोजायला लावले असते तर जन्मभर लक्षात राहिलं असतं.

अशा आणखी कितीतरी गोष्टी. वळणावर लांब डबा मधोमध आतल्या बाजूला झुकतो आणि त्याची टोकं बाहेर येतात, म्हणून वळणाच्या अगदी लगत फलाट बांधला तर डबा फलाटाला घासतो. सांध्याचा रूळ टाकून दुसरी लाइन काढली, की दोन्ही रूळमार्गांमध्ये ८ स्टड मोकळे राहतात, तेवढ्यातच फलाट बसवायचा. हे सगळं आधी आलेख कागदावर. ज्यांना संगणक सोयीचा वाटतो त्यांच्यासाठी ब्लूब्रिक नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. त्यात रूळ जोडून बघता येतात आणि कुठले किती लागतील हेही कळतं.

म्हणून माझं पहिलं मत असं, की हा छंद करायचा तर मोजपट्टी आधी आणि खरेदी नंतर. आजकाल उलटं चाललं आहे. कंपनीनं २०२३ मध्ये ओरिएंट एक्स्प्रेस काढली, २५४० तुकड्यांची. देखणी आहे, वादच नाही. पण खोक्यात मोटर नव्हती. ती शोभेची गाडी म्हणूनच काढली होती. जागा नसलेल्यांनी अशी गाडी कपाटात ठेवली तर माझी हरकत नाही. पण न चालणारी आगगाडी म्हणजे न वाजणारा तंबोरा. भिंतीवर शोभतो, पण गाणं होत नाही.

दुसरी गोष्ट कंपनीवर विसंबण्याची. १९९१ मध्ये लेगोनं नऊ व्होल्टची पद्धत आणली. रुळांवर धातूची पट्टी, तीतून वीज, टेबलावर वेग कमीजास्त करायची चकती. लोकांचा तीवर फार जीव होता. २००७ मध्ये ती बंद करत असल्याचं कंपनीनं जाहीर केलं. मग रूळ नुसते प्लास्टिकचे आणि विजेचे सेल गाडीच्या पोटात. २००९ मध्ये आणखी नवी पद्धत, २०१८ मध्ये फोनवरून चालणारी आणखी एक. नातवाची गाडी २००९ च्या पद्धतीची. ती पद्धतही कंपनीनं गुंडाळली, तरी माझी गाडी चालते आहे. नऊ व्होल्टवाल्यांच्याही जुन्या मोटरी अजून फिरतात. रूळ सगळे एकमेकांना जुळतात, म्हणून हे शक्य आहे. सुटे जुने तुकडे विकत मिळतात आणि मोठ्या घेराची वळणं बाहेरचे लहान उत्पादक बनवतात. माझ्या मते यात आपल्या वयाच्या लोकांना घेण्यासारखं काही आहे. बाजारानं ‘बंद’ म्हटलं म्हणून वस्तू संपत नाही. (माणूसही निवृत्त झाला म्हणून संपत नाही, पण ते जाऊ दे!)

आक्षेप दोन आहेत आणि दोन्ही खरे आहेत. एक, हे महाग आहे. आहेच. म्हणून तर आखणी आधी करायची. आखणीला पैसे पडत नाहीत, आणि महिनाभर आखून झाल्यावर निम्म्या वस्तू नकोशा होतात. दुसरा, हे प्लास्टिक आहे. तेही खरं. पण जे प्लास्टिक पन्नास वर्षं वापरता येतं आणि पुढच्या पिढीच्या विटांना जोडता येतं, ते दुधाच्या पिशवीच्या रांगेत बसवू नये एवढंच माझं म्हणणं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी जरूर पाहावं. ती कायमस्वरूपी मांडणी आहे आणि तशी असण्यातच तिचं मोठेपण आहे. पण घरात कायमस्वरूपी मांडणी म्हणजे एक खोली गेली. लेगोची जात वेगळी. ती चिकटवायची नसते. आपण दिवाळीत किल्ला करतो, मावळे मांडतो, हळीव पेरतो, आणि तुळशीच्या लग्नानंतर किल्ला मोडतो. गणपतीची आरास अनंत चतुर्दशीनंतर उतरवतो. कुणी म्हणत नाही की मोडायचंच होतं तर केलं कशाला? मोडायचं असतं म्हणून तर पुढच्या वर्षी नवीन करता येतं. आपल्या लोकांना खरं तर हा छंद परका वाटायलाच नको.

म्हणजे जी गोष्ट घर बदलताना अडचण होईल असं यादी करणाऱ्यांना वाटतं, तीच या छंदाची सोय आहे. शिसवी कपाट भाड्याच्या घरात मावणार नाही. माझी रेल्वे मावेल, कारण ती कुठल्याच एका आकाराची नाही.

मोजून ठेवलं आहे. नव्या घरात वर्तुळ बसणार नाही. पण ॲलन राइट नावाच्या एका इंग्रज छंदिष्टानं ‘इंग्लनुक’ नावाची एक मांडणी करून ठेवली आहे. फक्त दोन सांधे आणि तीन मार्गिका. एकीत पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंत तीन-तीन. एकूण आठ वाघिणी. चिठ्ठ्या टाकून त्यातल्या पाच निवडायच्या आणि इंजिन मागेपुढे नेऊन त्या पाच चिठ्ठ्यांच्या क्रमानं गाडीला जोडायच्या. बस्स. आखूड वाघिणी घेतल्या तर माझ्या हिशेबानं सरळ रुळांच्या मापाचे १४ तुकडे, म्हणजे सहा फूट लांब आणि फूटभर रुंद फळी पुरते. रात्री पलंगाखाली सरकवता येते. आठ वाघिणींतून पाच क्रमानं निवडायचे प्रकार किती? मी गणिताचा मास्तर नव्हतो, पण आठ गुणिले सात गुणिले सहा गुणिले पाच गुणिले चार एवढं येतं. ६७२०. रोज एक कोडं सोडवलं तरी १८ वर्षं पुरतील. म्हणजे वयाच्या ९२ व्या वर्षापर्यंतची सोय झाली!

आमच्या वयात लोक सांगतात, मन रिकामं ठेवू नका, शब्दकोडी सोडवा, जप करा, फिरायला जा. मी तिन्ही करतो. पण उद्यासाठी काही आखून ठेवलेलं असणं ही वेगळी गोष्ट आहे. औषधं सोडली तर आमच्या उद्याबद्दल आम्हाला कुणी काही विचारत नाही. आखलेला कागद विचारतो, की तिसऱ्या मार्गिकेचं काय करायचं ठरलं?

तर सूनबाई, एक मधला मार्ग सुचवतो. अकरा खोक्यांपैकी घरांच्या विटा आणि वळणाचे रूळ असे सात खोके गावी, धाकट्या भावाच्या वाड्यावर ठेवायला पाठवू. तिथं जागा आहे, आणि त्याची नातवंडंही आहेत. चार खोके मात्र ‘न्यायचं’ यादीत घ्या. सहा फुटांची फळी सुताराला सांगून झाली आहे.